हाडातला सूर

१४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा आहे? इकडे सगळं छान. नवी रेकॉर्ड आली, रेडिओवर बऱ्याचदा लागते. गेल्या महिन्यात तर दातांच्या दवाखान्यात माझीच धून चालू होती आणि शेजारच्या बाई ऐकता ऐकता चक्क घोरू लागल्या. हस पोट धरून! "तुझं हे गुळगुळीत वाजवणं लिफ्टमध्ये शोभेल," असं म्हणून, धून पुरी न ऐकताच तू आपला बँड आणि ड्रम सोडलेस, तेव्हा मला फार लागलं होतं. आता वाटतं, घाबरलेल्या माणसाला माझ्या सॅक्सोफोनमुळे डुलकी लागत असेल तर त्यात वाईट काय?

दवाखान्यात कशाला गेलो होतो, हे तू विचारशीलच. वरचे पुढचे दात हलत होते, काढावे लागले. कवळी छान बसलीय. सूनबाई म्हणते, "बाबा, दहा वर्षांनी लहान दिसताय." एवढंच.

एवढंच नाही, दादा. सॅक्सोफोन वरच्या दातांवर टेकवून वाजवतात. सूर दातांतून हाडात आणि हाडातून डोक्यात शिरतो. लोकांच्या कानी पडतो तो वेगळा, हा फक्त वाजवणाऱ्याचा. आयुष्यभर मी त्याच्याच भरवशावर वाजवलं. कवळीतून तो येत नाही. पलीकडच्या खोलीत कुणीतरी वाजवतंय असं वाटतं. रेकॉर्ड करून ऐकलं. सूर बरोबर आहेत, पण त्यात जीव आहे की नाही ते मला कळेना. भीती वाटते रे.

पियानोवाला म्हणतो, "काका, तोच आवाज! काडीचाही फरक नाही." पण त्याचं पोट माझ्या कार्यक्रमांवर आहे, तो मला हरभऱ्याच्या झाडावरच चढवणार. घरच्यांना तर मी शिट्टी वाजवली तरी कौतुक.

तू माझी भीड कधी ठेवली नाहीस. आणि माझं वाजवणं तू पहिल्या फुंकरीपासून ओळखतोस. शनिवारी संध्याकाळी हॉटेलच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे, पुढची खुर्ची तुझ्यासाठी ठेवतोय. त्या वाजवण्यात मी उरलोय का, एवढं सांग. "बंद कर" म्हणालास तर बंद करीन, वाद घालणार नाही.

फक्त या वेळी आधी शेवटपर्यंत ऐक, दादा. मग म्हण.

तुझा धाकटा,
शनिवारपर्यंत तरी सॅक्सोफोनवाला