बर्फाखालून लाइव्ह

४ जानेवारी
कॅमेरा आला. तळ्याच्या बर्फाला भोक पाडायचं, वायर खाली सोडायची, की पाण्याचा तळ माझ्या फोनवर. आणि फोनची स्क्रीन शेअर केली की जोलीनच्या बारमधल्या मोठ्या टीव्हीवर. म्हणजे मी बर्फावरच्या खोपटीत बसून मासा पकडणार आणि अख्खं गाव बघून शिकणार. गावाला शिकवायची मला सवय आहे. मिनेसोटा सरकारसाठी जन्मभर ड्रायव्हिंग टेस्ट घेतल्या. इथल्या निम्म्या लोकांना मी कधी ना कधी नापास केलंय. उरलेल्यांना करायला हवं होतं.
संकल्प : बर्फ वितळायच्या आत वीस पौंडी पाइक मासा. लाइव्ह.
मार्लिस म्हणाली, लोक बारमध्ये हॉकी बघायला जातात, तुझी दोरी बघायला नाही. बायकोला टेक्नॉलॉजी कळत नाही.

७ जानेवारी
पहिलं प्रक्षेपण. मासा नाही. पाण्याचा दोष. जोलीन म्हणते, बारमध्ये तिघं होते, त्यातला ऑरिन हाउगेन झोपला होता. ऑरिन आमचा शेजारी. माझ्या टेस्टलासुद्धा लाल दिव्यापाशी झोपला होता.

१२ जानेवारी, दुपारी
आला! पाइक. लांबलचक, हिरवट, ओठात कुणाचा तरी जुना गळ अडकलेला, नथ घातल्यासारखा. आमिषाजवळ आला, निरखून पाहिलं, तोंड फिरवून गेला. मी दोरी हलवली. शास्त्रशुद्ध. परत आला, परत गेला. माशाला अनुभव कमी.
बारमध्ये म्हणे टाळ्या पडल्या. माझ्या मनगटाचं काम दिसलं तर लोकांना.

१९ जानेवारी
बारमध्ये उभं राहायला जागा नाही. जोलीनने हॉकी बंद करून मला लावलं. परतताना मुद्दाम डोकावलो. इर्मा टोल्लेफ्सन लगबगीने पुढे आली. शाळेची बस चालवायची, पार्किंगमध्ये माझ्याकडे तीनदा नापास. विचारते, उद्या ती येईल ना रे? म्हटलं, ती कोण? म्हणे, लोर्ना.
माशाला नाव ठेवलंय. ही माणसं मतदान करतात.

२४ जानेवारी
शेअरिंगमध्ये किरकोळ अडचण. मार्लिसचा मेसेज आला तो टीव्हीवरही उमटला : सकाळी पोट साफ झालं होतं का?
संध्याकाळी तिघांनी आपुलकीने चौकशी केली. ऑरिनने पोटाला बऱ्या म्हणून सुक्या प्लमची पिशवी आणून दिली. दुसऱ्यांच्या पोटात डोकं घालणारी माणसं. कीव येते. पिशवी ठेवून घेतली.

२ फेब्रुवारी
ती रोज दुपारी येते. आमिषाकडे बघते, कॅमेऱ्याकडे बघते, शेपटी माझ्याकडे करते आणि चालती होते. ती गेली की बारमध्ये जल्लोष, असं जोलीन सांगते. इर्माने तर फुकट बिअर वाटली.
मार्लिस म्हणाली, अरे व्हर्लिन, ते सगळे तिच्या बाजूचे आहेत. मी हसलो. माणूस माशाच्या बाजूचा कसा असेल? मत्सर, दुसरं काय. हल्ली हीसुद्धा दुपारी बारमध्येच असते, मला बघायला, पण कबूल करणार नाही.

९ फेब्रुवारी
नवं आमिष. गुपित. डायरीला सांगायला हरकत नाही : बेकन.

१४ फेब्रुवारी
पकडली!!
आली, पाहिलं, नेहमीसारखी वळली, आणि गपकन परत फिरून गिळलं. ओढाओढीत हाताची सालं निघाली. पण वर काढली. बावीस पौंड. स्लेजवर घालून थेट बारमध्ये, पुढच्या दाराने. मला वाटलं खांद्यावर घेतील.
कोणी बोलेना. टीव्हीवर खोपटीत राहिलेल्या माझ्या फोनचं रिकामं हिरवं पाणी चालू होतं. इर्माने हळूच विचारलं, सोडली नाहीस? म्हटलं, सोडायची तर पकडायची कशाला? ती कोट चढवून निघून गेली. ऑरिनचे डोळे पाणावले होते, सर्दी असावी. मार्लिस म्हणाली, घरी जा तू.
भारावले होते सगळे. पराक्रम समोर आला की माणसाची वाचा जाते.

१७ फेब्रुवारी
बारमध्ये पुन्हा हॉकी. माझे प्रेक्षक : शून्य. सिग्नलचा दोष.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळी
आज एक प्रेक्षक! फोनवर आकडा स्पष्ट : १. दर्दी एकच पुरतो. त्याच्यासाठी जीव ओतला. गाठ कशी मारायची, कच्चा बर्फ कसा ओळखायचा, सगळं बोलून दाखवलं. दिवसभर जागचा हलला नाही बिचारा. बहुधा इर्मा. पश्चात्ताप झाला असणार. तिला माफ करायचं ठरवलं.
घरी आलो तर अंधार. ओट्यावर मार्लिसचा टॅबलेट पावाच्या डब्याला टेकवलेला, त्यावर माझ्या तळ्याचं शेवटचं चित्र अडकलेलं. सकाळी दिसतंय का बघायला मीच लावला होता.
मार्लिसला फोन केला. मागे गलका. बारमध्ये सगळे जमलेत, प्रत्येकाने घरून काहीतरी शिजवून आणलंय. लोर्नाच्या आठवणीसाठी. मार्लिसने रात्रीसाठी ओव्हनमध्ये केलेला हॉटडिशही तिकडेच गेलाय. म्हटलं, मग मीही येतो. म्हणाली, थांब जरा. फोनवर हात ठेवून कुणाला तरी विचारलं. बराच वेळ. मग म्हणाली, आज नको.
मग मी खाऊ काय? म्हणाली, फ्रीजरमध्ये आहे ना तुझा मासा.
तळला. पाइकला काटे फार. जेवताना बोलायला कोणी नव्हतं तेच बरं झालं. बोलता बोलता काटा घशात अडकला असता.