बाईंची फाइल उघडत नाही

बाई, गेल्या महिन्यात मी दुकानातल्या दोन्ही मशीनवरचं विंडोज काढून टाकलं आणि लिनक्स घातलं. तुम्ही ते सांगितल्याला दहा वर्षं झाली, तुम्हाला जाऊन नऊ. इतक्या उशिरा केलेल्या गोष्टीला ऐकणं म्हणत नाहीत, हे मला कळतं. तरी सांगावंसं वाटलं, कारण हे ऐकून ज्याला काही वाटेल असं दुसरं माणूस मला आठवेना.

राजारामपुरीतल्या आपल्या त्या दोन खोल्यांत आता दातांचा दवाखाना आहे. कॉलेजातली पदार्थविज्ञानाची नोकरी संपल्यावर तुम्ही तिथे कॉम्प्युटरचे क्लास काढलेत आणि मला, तुमच्याच एका जुन्या विद्यार्थिनीला, शिकवायला ठेवलंत. चार मशीन, काळे पडदे, आणि प्रत्येक आज्ञा हाताने टाइप करायची. मग विंडोज आलं. मला ते पहिल्या दिवशीच आवडलं, तुम्हाला नाही. "बोट दाखवून मागायला आपण काय रांगतं पोर आहोत का? काय हवं ते शब्दांत सांगावं की," असं तुम्ही म्हणायचात. मुलींनी मात्र माउस सोडला नाही. तुम्ही हरलात आणि तक्रारही केली नाहीत. रागावलात ते एकदाच, मी कुणाकडून तरी आणलेली विंडोजची कॉपी चारही मशीनवर घातली तेव्हा. तेही मुलींसमोर नाही, त्या गेल्यावर. मी म्हटलं, "सगळेच घालतात, बाई." तुम्ही म्हणालात, "परीक्षेत सगळेच बघून लिहायचे. तू लिहायचीस का?" मी लिहीत नव्हते. पण मशीनवरची ती कॉपीही काढून टाकली नाही, आणि तुम्ही पुन्हा विषय काढला नाहीत. तो निर्णय तुम्ही माझ्यावर सोडला होता की माझा नादच सोडला होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढे एका मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी तुम्ही मला दिलीत. "ही चोरावी लागत नाही, वाटायलाच आहे," असं म्हणालात. मी ती एका दुपारी घातली. पडदा काळा झाला, माउस हलेना, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं की आपल्या मशीनला ते चालत नाही. मी किती वेळ प्रयत्न केला हे तुम्ही विचारलं नाहीत. वीस मिनिटं केला होता.

आता माझं टाइपसेटिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल. गिऱ्हाईक आपला मजकूर पेन ड्राइव्हवर घेऊन येतं. तुम्ही पेन ड्राइव्ह पाहिला नाहीत. आपल्या फ्लॉपीचं काम करणारी अंगठ्याएवढी वस्तू आहे, आणि बहुतेकांबरोबर व्हायरस येतो. मशीन पुसायचं, पुन्हा कॉपीचंच विंडोज घालायचं, पुन्हा सगळं मांडायचं, असं महिन्यातून दोनदा. त्याला कंटाळून मी हे केलं. तुमच्या तत्त्वासाठी केलं असं लिहिलं तर छान दिसेल, पण ते खोटं होईल. तुमची आठवण आली ती नंतर, सिस्टीम बसत होती आणि मला नुसतं बसून राहायचं होतं तेव्हा.

बारा वर्षांची सवय डोक्यातून जाते, हातातून जात नाही. हात जुन्या जागी जातो, तिथे काही नसतं. सी ड्राइव्ह नाही, डी ड्राइव्ह नाही, सगळ्याच्या मुळाशी नुसती एक तिरपी रेघ. प्रिंटर दोन दिवस बोलला नाही, बोलला तेव्हा पत्रिकेच्या कडेला नवरदेवाचं आडनाव अर्धं कापून टाकलं. शेजारी बाइंडिंगचं दुकान आहे, त्या चाचांना रोज करमणूक झाली. दारात उभे राहून म्हणाले, "काय ताई, मशीन आजारी हाय व्हय?"

"आजारी नाही चाचा, नवी सिस्टीम घातलीय."

"का? जुनी चावत हुती?"

"चोरीची होती."

"आत्ता कळलं व्हय? बारा वर्सं पोलिस यायची वाट बघत हुतासा काय?" आणि माझं गिऱ्हाईक आलं की मी तोंड उघडायच्या आत तेच सांगायचे, "पावणं, उद्या या. ताई अजून शाळंत हायत." मला हसू यायचं, पण दमलेल्या माणसाला येतं तसं. त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा काहीच येत नसलेल्या माणसासारखं बसायला लागतं, यात शिकण्याचा आनंद असतो असं तुम्ही म्हणाला असतात. मला तो फारसा सापडला नाही.

दुसऱ्या आठवड्यात तुमच्या मुलीचा फोन आला. ती आता जयसिंगपूरला शाळेत शिकवते. "ताई, आईचं पुस्तक तुमच्याकडे असेल ना हो? वह्या तर पुराच्या पाण्यात गेल्या. शाळेत आता कॉम्प्युटर आलेत, म्हटलं मुलींना वाचायला देऊ." मी म्हटलं, आहे की, आत्ता पाठवते. तुमचं पुस्तक म्हणजे स्वयंपाकघरातल्या पदार्थविज्ञानाचे ते चोवीस धडे. तुमच्या घरी ओट्याशेजारी स्टूल ठेवून बसायचात, भाकरी का फुगते, दूध उतू जातं तसं पाणी का जात नाही, हे वहीत लिहायचात, आणि दर शनिवारी पानं माझ्याकडे यायची. मी ती टाइप करायची. मराठीत पदार्थविज्ञान कोण विकत घेणार, असं प्रकाशक म्हणाला, मग तुमचं आजारपण आलं, आणि ते तसंच राहिलं.

मी फाइल उघडली. पडद्यावर मराठीचं एक अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, टक्क्याची चिन्हं, कंस, टोपी घातलेले ए. चोवीसच्या चोवीस धडे असे. आपल्या वेळचं मराठी टायपिंग आतून इंग्रजीच होतं, बाई. मशीन इंग्रजी अक्षरं साठवायचं आणि फाँट ती आपल्याला मराठी करून दाखवायचा. विंडोज पुसण्याआधी मी सगळ्या फाइली दोन सीडींवर काढल्या होत्या, एक घरी, एक दुकानात. नावं जुळवली, किती फाइली आहेत ते दोनदा मोजलं. फाँट मात्र सीडीवर घेतला नाही. अक्षरं ही वेगळी जपून ठेवायची वस्तू आहे, असं मला सुचलंच नाही. हिशेबी म्हणवणाऱ्या माणसाची चूक अशी असते. मी यादीतलं सगळं तपासते, यादी तपासत नाही.

तुमच्या पुस्तकाचं सांगितल्यावर चाचांनी त्यांच्या भाच्याकडून तो फाँट आणून दिला. "घ्या, ह्योबी चोरीचाच हाय, पर तुमच्या बाईस्नी आता कोण सांगतंय?" मी घेतला. घेताना थांबले नाही, हेही लिहून ठेवते. पण नव्या सिस्टीममध्ये जोडाक्षरं फुटली, वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसल्या. आणि इथे नीट दिसलं असतं तरी जयसिंगपूरच्या शाळेत तो फाँट नव्हताच, तिथे पुन्हा टक्के आणि कंसच दिसले असते. माझ्याकडे शेवटच्या प्रुफाचा एक कागदी संच होता, शाई उडालेला, पण वाचता येण्याजोगा. आता जे मराठी सगळ्या मशीनवर सारखं दिसतं, त्यात सगळं पुन्हा टाइप करायचं, एवढाच मार्ग उरला. तुमच्या मुलीला मी म्हटलं, पंधरा दिवस दे. ती म्हणाली, "घाई नाही हो, फक्त ते गेलं नाही ना?" मी म्हटलं, गेलं नाही. फोन ठेवल्यावर मी प्रुफाची पानं मोजली. सगळी होती.

या नव्या पद्धतीचा कीबोर्ड निराळा आहे. जुन्या फाँटमध्ये मी आकार टाइप करायची, डावीकडून जो आकार दिसेल तो आधी, टाइपरायटरसारखा. माझा वेग चांगला होता, तुम्ही चार जणांना कौतुकाने सांगायचात. आता अक्षर जसं उच्चारायचं तसं टाइप करावं लागतं, म्हणून प्रत्येक शब्द मनात म्हणावा लागतो. दुपारी गिऱ्हाईक नसताना, लोडशेडिंग नसेल तर, दिवसाला जेमतेम दोन धडे. बोटं अडखळतात, आणि अडखळल्यामुळे मी वाचते.

तर बाई, पाच दिवसांपूर्वी मी सतराव्या धड्यावर आले. धडा पाणी उकळण्याचा आहे. त्यात तुम्ही लिहिलं आहे की कॉलेजात एका मुलीने वर्गात विचारलं, आमच्या पन्हाळ्यावर डाळ शिजायला वेळ लागतो, तो उंचीमुळे का? आणि तुम्ही म्हणालात, "पन्हाळा म्हणजे काय हिमालय आहे का?" सगळा वर्ग हसला आणि ती मुलगी खाली बसली. पुढे तुम्ही लिहिलं आहे, "त्या रविवारी मी प्रयोगशाळेतला थर्मामीटर आणि स्टोव्ह घेऊन एसटीने पन्हाळ्याला गेले. पाणी कोल्हापुरापेक्षा सव्वा अंश कमी तापमानाला उकळलं. डाळीला लागणारा सगळा वेळ त्यामुळेच, असं म्हणता येणार नाही, तिथलं पाणीही निराळं आहे. पण प्रश्न बरोबर होता आणि माझं हसणं चूक होतं. हे मी वर्गात सांगायला हवं होतं. वर्ष संपलं, राहून गेलं. ती मुलगी आता रोज माझ्यासमोर असते, तरी तोंडाने सांगणं जमलेलं नाही. म्हणून इथे लिहिते."

ती मुलगी मी. ते हसणं मी विसरले नव्हते. त्या दिवसानंतर मी कॉलेजात कुठल्याच तासाला प्रश्न विचारला नाही, आणि तुमच्याकडे काम करताना अधूनमधून मनात यायचं की बाईंना ते आठवतही नसेल. तुम्हाला आठवत होतं. तुम्ही थर्मामीटर घेऊन वर गेला होतात. आणि ही सगळी वाक्यं माझ्या बोटांनी एकदा टाइप केलेली आहेत, पन्हाळा, डाळ, हिमालय, सगळं, आणि एकही शब्द माझ्यापर्यंत पोचला नव्हता.

हा धडा मी पहिल्यांदा टाइप केला त्या आठवड्यात तुम्ही मला विचारलं होतं, हे मला आता स्पष्ट आठवतं. ओट्यापाशी, माझ्याकडे पाठ करून, चहाचं आधण ठेवताना. "या वेळचा धडा कसा वाटला?" मी म्हटलं, "छान झालाय." दर शनिवारी म्हणायची तसंच. तुम्ही वळून जरा वेळ बघितलंत. मग म्हणालात, "बरं. साखर कमी घालू का?"

चोवीस धडे काल पूर्ण झाले, पाठवले. ते तिच्याकडे नीट उघडले. लिनक्स मी ठेवलं आहे, पण दुसऱ्या मशीनवर पत्रिकांसाठी विंडोज परत घातलं, तेही कॉपीचं. आज सकाळी तुमच्या मुलीचा फोन आला. खूप वेळ बोलली. मग म्हणाली, "ताई, ती पन्हाळ्याची मुलगी कोण हो? तुम्हाला माहीत असेल." ती मीच, असं म्हणायला एक शब्द पुरला असता. पण मग तिने विचारलं असतं, आईला तुम्ही तेव्हा काय म्हणालात?

मी म्हटलं, आठवत नाही गं. खूप मुली होत्या.