अकरा लाल टाके

३ जानेवारी

ति. दादास,
बारकीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू सगळ्याला हो म्हणतोस आणि पाठ फिरली की विसरतोस, म्हणून लिहून पाठवते आहे. आमच्या कंपनीने नेट झीरोची शपथ घेतल्याचं तुझ्या कानावर आलंच असेल. ठरलेल्या सालापर्यंत आमच्या कामामुळे हवेत जाणारा कार्बन शून्यावर आणायचा म्हणे. त्याची पहिली कुऱ्हाड कारखान्यावर नाही, विक्रेत्यांच्या वार्षिक मेळाव्यावर कोसळली आहे. अर्धे विक्रेते घरी बसून पडद्यावर बघणार. जनरेटर बंद, फुलं बंद, आणि नवं कोरं कार्पेटही बंद. दोन दिवस तुडवून फेकून द्यायचं कार्पेट हा आमच्या कार्बनच्या तक्त्यातला मोठा आकडा आहे. तेच कार्पेट पुन्हा पुन्हा वापरतो असं जो दाखवून देईल, त्यालाच यापुढे काम मिळेल.

तुझं निम्मं वर्ष या एका मेळाव्याला कार्पेट पुरवून निघतं हे मला ठाऊक आहे. पण तू माझा भाऊ असल्याचं मी ऑफिसात लिहून दिलंय, त्यामुळे शब्द टाकता येणार नाही. वहिनीच्या गुडघ्यांना आराम आहे का? लोभ आहेच, तो टिकवायचा असेल तर वेळेवर उत्तर लिही.

तुझी,
बारकी


९ जानेवारी

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी इतका हसलो की तुझी वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली. अगं, तुमच्या मेळाव्याला नवं कोरं कार्पेट मी एकदाच अंथरलं, पहिल्या वर्षी. त्यानंतर तेच निळे तीस रोल धुऊन, वाळवून, जळका तुकडा कापून तिथे ठिगळ लावून. तुमच्या करारात 'नवीन, न वापरलेले' असं असायचं, म्हणून बिलावरही मी तसंच लिहायचो. तू शाळेतून आलीस की तारेचा ब्रश घेऊन कार्पेटची लव उभी करत बसायचीस. नव्या कार्पेटला कुणी विंचरतं का?

पुरावा हवा असेल तर तोही आहे. मेळाव्याहून रोल परत आला की तुझी वहिनी उलट्या बाजूला, कोपऱ्यात लाल दोऱ्याचा एक टाका घालते. कुठला रोल किती वेळा जाऊन आला ते त्यावरून कळतं. तुमच्या रोलांवर अकरा अकरा टाके आहेत. तुझ्या कंपनीने आज शपथ घेतली, आम्ही दहा वर्षं न घेताच पाळतोय. हे साहेबांना सांग आणि बक्षीस असेल तर तेही माग.

घरी सगळे ठीक. प्रकृतीला जप, आणि आमच्यावर मर्जी असू दे.

तुझा,
दादा


१५ जानेवारी

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि पर्सच्या तळाशी लपवलं. यात हसण्यासारखं काही नाही, दादा. दहा वर्षं तू खोटं लिहून दिलंस, हे एक. दुसरं त्याहून वाईट आहे. आमच्या तक्त्यात दरवर्षी नवं कार्पेट धरलेलं आहे. त्या मोठ्या आकड्यातून यंदा किती घटवलं, ते साहेब मेळाव्यात व्यासपीठावरून जाहीर करणार आहेत. तू आधीपासूनच जुनं वापरत असशील, तर मागचा आकडाच लहान होतो आणि घटवलं म्हणायला काही उरत नाही.

मी नाव न घेता साहेबांना विचारून पाहिलं. त्यांनी तो तक्ता पुढ्यात ओढला. मग म्हणाले की पुरवठादाराने आजवर नवं दिलं आणि यंदा पहिल्यांदा गेल्या वर्षीचं वापरतोय, असंच कागदावर राहू दे. त्यात त्याचंही भलं आणि आपलंही. त्या तक्त्याखाली सही माझी लागते. एक तारखेला तो तक्ता तपासणाऱ्या ऑडिटरबाई तुझ्या गोदामात येतील आणि रोल उलटे करून बघतील. काय करू ते सांग. मला फार भीती वाटते आहे.

लोभ ठेव, आणि या वेळी थट्टा करू नकोस.

तुझी,
बारकी


२१ जानेवारी

चि. बारकीस आशीर्वाद.

घाबरून जाऊ नकोस. तुझे साहेब व्यवहारी आहेत. प्रत्येक रोलवर एक टाका ठेवायचा आणि दहा उसवायचे, असं मी ठरवलंय. वीस रोल झालेही. तुझी वहिनी मात्र मदतीला बसली नाही. कात्री माझ्या हातात दिली आणि आत निघून गेली. दोन दिवस जेवढ्यास तेवढं बोलते आहे. विचारलं तर म्हणाली, अकरा वर्षं गुडघे टेकून शिवलं, ते झालंच नव्हतं असं आता म्हणायचं का. मी म्हटलं, काम गेलं तर पुढे शिवायला काय उरणार. म्हटलं खरं, पण मला बरं वाटलं नाही.

टाक्यांचं मी बघतो, तू सहीचं बघ. आहे ती माया तशीच असू दे.

दादा


१ फेब्रुवारी, सकाळ

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आज ऑफिस उघडल्या उघडल्या सही करून टाकली. तुझं काम वाचलं या विचाराने मन घट्ट केलं. आता ऑडिटरबाईंशी नीट बोल. एक टाका, एक वर्ष, याच्यापुढे एक शब्द नको. रागावली असेल तरी वहिनीला माझा नमस्कार सांग.

तुझी,
बारकी


१ फेब्रुवारी, संध्याकाळ

चि. बारकीस आशीर्वाद.

बाई येऊन गेल्या. त्यांनी रोलचा कोपरा उलटा केला आणि अंगठा फिरवला. टाके उसवले तरी सुईची भोकं राहतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. हे काय म्हणून त्यांनी विचारलं. कसर लागली म्हणून सांगणार होतो, शब्द अगदी ओठावर आले होते. पण तेवढ्यात मनात आलं की याच्याखाली तुझी सही लागणार आहे. बिलांवर मी खोटं लिहिलं ते माझ्या सहीने. तुझ्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून मीच सही करायचो, आणि आता तुला खोट्याखाली सही करायला लावणारा मीच. मी बाईंना म्हणालो, अकरा वेळा वापरलंय, आणि 'नवीन'ची अट असलेला करारही काढून दाखवला. तुझ्या वहिनीने त्यांना बसायला खुर्ची आणून दिली.

काम गेलं असं समजूनच चाल. तू मात्र सही करू नकोस. केली नसशीलच म्हणा, मला विचारल्याशिवाय तू काही करत नाहीस.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.

दादा


५ फेब्रुवारी

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुझं आज अकरा वाजता माझ्या हातात पडलं, आणि ऑडिटरबाईंचा अहवाल साडेअकराला साहेबांच्या टेबलावर. त्यांच्या अहवालात अकरा, माझ्या सहीच्या कागदावर एक. साहेबांनी दार लावून घेतलं आणि समजुतीने सांगितलं की भावाने मलाही फसवलं एवढं लिहून दे, तू सुटशील. कागद त्यांनीच पुढे केला.

मी त्या कागदावर लिहिलं की मला सगळं माहीत होतं. गेल्या महिन्यापासून नाही, शाळेत असल्यापासून, कारण ब्रश माझ्याच हातात असायचा. चौकशी संपेपर्यंत मला घरी बसायला सांगितलंय. पुढे काय होईल ते मला माहीत नाही, पण आज जेवण जातंय.

शनिवारी सकाळी येते. वहिनीला सांग, एकटीने टाके घालायला बसू नकोस. लाल दोरा मी घेऊन येते. भोकं आहेतच, त्यातूनच सुई घालू. तीसही रोल, आणि प्रत्येकावर अकराच्या अकरा.

लोभ होता तसाच असू दे.

तुझी,
बारकी