कडी तिकडून

औंढे, १२ जानेवारी

प्रिय कमर,

भिंतीला भोकं पाडणं चाललंय, विटांची लाल धूळ घरभर उडतेय, आणि मी ओट्यावर बसून लिहितेय. गुडघे कसे आहेत? पुण्यात, लेकीकडं, करमतंय ना? फोनवर तू 'बरी आहे' म्हणतेस, मीही तेच म्हणते. म्हणून पत्र.

आपल्या दोन अंगणांमधल्या भिंतीवर जाळी बसतेय. आदिनाथची अट. "आई, शेजारचं घर बंद. वानरं पार स्वयंपाकघरात येतात. जाळी लाव, नाहीतर माझ्याकडं पिंपरीला चल."

मी जाळी म्हटलं.

जाळी बसवायला भाजे गावचा संदेश नावाचा पोरगा आलाय. लोखंडी अँगल ठेवून बोल्ट विटेच्या पोटात मारतो. सांध्यात मारला तर वाऱ्यानं हलून सिमेंट सुटतं म्हणाला. काम नेटकं आहे. फक्त मधे अडला. तुझ्या मालकांनी, नसीरभाईंनी, वाट्या द्यायला-घ्यायला वरच्या विटा काढल्या होत्या, तिथं.

"मावशी, हितं खाली हाय. दोन थर विटा लावतो, मग एकसलग जाळी."

"नको. तितं खिडकी कर. जाळीचीच."

"कुनासाटी, वानरांसाटी?" हसला मेला.

"कडी लाव म्हंजे झालं."

"तुमच्या बाजूनं ना?"

"तिकडून."

त्यानं ड्रिल बंद केलं. "आवो मावशी, तितं कुनीच न्हाई."

"ठाव हाय मला. लाव."

हाक नेहमी तूच मारायचीस ना. 'लीला, वाटी घे.'

तुझी जर्मनची वाटी माझ्याकडंच राहिली. रिकामी परत करायची नाही, म्हणून घेवड्याच्या शेंगा भरून ठेवते. त्या सुकतात. मग दुसऱ्या भरते.

तुमच्या घराला गिऱ्हाईक आलंय, असं गावात बोलतात. मी तुला विचारत नाही.

१३ जानेवारी

पत्र टाकायचं राहिलं. सकाळी पाहिलं तर खिडकी उघडी. चहाचं आधण तसंच ठेवून, तुझं नाव घेत अंगणात धावले. वानरं होती. कडी त्यांनीच काढली. घेवडा सगळा ओरबाडलाय.

माझ्या बाजूनं कडी लागेना. रस्त्यानं वळसा घालून तुझ्या अंगणात गेले, कडी लावली आणि परत आले.

तुझी, भिंतीच्या अलीकडची,
लीला