पाकळीची बाही

प्रिय अन्नपूर्णा,

मामाचं पत्र बघून घाबरशील. घाबरू नकोस, इथे सगळे धडधाकट आहोत. तुझं लग्न ठरल्याचं कळलं तेव्हा मामीने नजरबादच्या आपल्या गल्लीत घरोघरी साखर वाटली, दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही सोडलं नाही. फोनवरच बोललो असतो, पण मामी शेजारी असते आणि हे तिच्यादेखत बोलण्यासारखं नाही. तू सांगलीत वाढलीस, तुझं मराठी चोख. माझं म्हैसूरचं, घरातल्या घरात जपलेलं. चुका काढत बसू नकोस.

ब्लाउजचा फोटो मिळाला. माप मात्र मी कुसुमच्या भरवशावर घेणार नाही, तुझी आई लहानपणापासून प्रत्येकीला आहे त्याहून बारीकच सांगते. जाहिरातीतली ती मुंबईची नटी छान दिसते. खाली तू लिहिलं आहेस की मामा, हुबेहूब अशीच बाही हवी, सध्या सगळ्याजणी हीच घालतात. अगं, ते मला कशाला सांगतेस? रोज मीच तर शिवतो.

पूर्वी बाई दुकानाची पायरी चढली की तिने तोंड उघडण्याआधी मला तिचं गाव कळे. पिरियापट्टणच्या बायका तंबाखूच्या शेतात राबणाऱ्या, त्यांना काखेशी मुंढा सैल लागे. विठ्ठलाच्या देवळात भजनाला बसणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या बाही बोटभरही वर सरकू देत नसत. आता पिरियापट्टणची येते, बोगादीच्या नव्या बंगल्यातली येते, दोघी फोन पुढे करतात आणि दोघींच्या फोनमध्ये एकच चित्र. मी म्हणतो, बाई गं, या बाहीत तुझा हात कामाला वर जायचा नाही. ती हसते आणि म्हणते, तरी हीच. एका मेंढरामागे दुसरं, असं म्हणून मी मोकळा झालो असतो. पण त्या बाहीची थट्टा माझ्याने होत नाही.

ती बाही मी बेतली, अन्नू. कुणा मुंबईवाल्याने नाही. माझी पोर कावेरी लहान असताना दुकानातल्या कोळशाच्या इस्त्रीवर पडली आणि उजव्या कोपराची कातडी आवळून काळपट राहिली. तू सुट्टीत यायचीस तेव्हाही तिचे फ्रॉक लांब बाह्यांचे असत, तुला ते कधी दिसलं नसेल. ती साडी नेसायला लागली तेव्हा मी बाही कोपरापर्यंत घेतली आणि मागून एक पाकळी खाली सोडली. हात दुमडला तरी डाग झाकलेला राही. एकाच बाजूला बरं दिसेना म्हणून दोन्ही बाह्यांना. भुजंगराव साडीवाल्यांनी ती पाहिली आणि दसऱ्याच्या जाहिरातीसाठी कावेरीलाच उभं केलं. बोगादीच्या रस्त्यावरच्या फलकावर दुमजली कावेरी! मामी रोज काहीतरी निमित्त काढून तिकडे जाई आणि कावेरी लाजून लांबच्या रस्त्याने घरी येई.

पुढचं तुला ठाऊक आहे. डेंग्यूने ती वर्षाच्या आत गेली. पुढच्या दसऱ्याला फलकावर दुसरी मुलगी आली, बाही तीच राहिली. मग ती दुसऱ्या दुकानांनी उचलली, बेंगळुरूने उचलली, आणि आता नटीच्या अंगावरून, तुझ्या फोनमधून, ती माझ्याकडे परत आली आहे. गावभर बायका नसलेला डाग झाकून हिंडतात. पाठमोरी कुणी दिसली की मी तिचं तोंड दिसेपर्यंत थांबतो. दुसऱ्या बाईची पाकळी शिवतानाही माझा हात कावेरीच्या मापावर जातो, मग मी ती उसवून पुन्हा शिवतो.

माझं सोड. गेल्या महिन्यात देवराज मार्केटात मामीने फुलं घेणाऱ्या एका मुलीचा दंड धरला, "अवळे री, तीच ती!" असं मला कानडी-मराठीत ओरडून सांगितलं आणि पाकळी उचलून तिचं कोपर बघितलं. मुलगी भली होती. तिने हात सोडवून घेतला नाही, मामीचं बघून होईपर्यंत तशीच उभी राहिली. रात्री जेवताना मामी एवढंच म्हणाली की डाग नव्हता. तेव्हापासून मी तिला एकटीला बाजारात जाऊ देत नाही. मला भीती वाटते गं.

लग्नात नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं ते मामाने. मामी तुझ्या मागूनच चालणार. हौस तुझी आहे, तू म्हणशील तसाच ब्लाउज शिवीन, शब्द देतो. पण बाळ, एक मागणं आहे आणि त्यासाठीच हे पत्र. बाही कोपराच्या वर घेऊ दे. तुझं कोपर सगळ्या मांडवाला उघडं दिसू दे. म्हणजे मामीला काही उचलून बघावं लागणार नाही, आणि मी धरलेला हात तुझा आहे, हे बोहल्यापर्यंत माझ्याही लक्षात राहील.

तुझाच,
निवृत्तीमामा