मयेच्या घराचं पिंग

प्रिय देवू,

इंग्लंडात सकाळ झाली की तू कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत पिंगची आज्ञा देतोस, म्हणजे 'आहेस का?' विचारतोस, इथे गोव्यात आपल्या मयेच्या घरातला राउटर उत्तर देतो, आणि तू घरच्या ग्रुपवर टाकतोस, 'घर सुरू आहे.' आम्हीही अंगठे दाखवून मोकळे होतो. राउटर पुढच्या बैठकीच्या सालात, आई आतल्या खोलीत. मधली भिंत तुझ्या आज्ञेला दिसत नाही.

ही विद्या मलाही तूच शिकवलीस. नेट रुसलं की म्हणायचास, 'ताय, आधी पिंग कर.' माझा विंडोजवाला लॅपटॉप चारदा विचारतो आणि गप्प बसतो. तुझं लिनक्स म्हणे कंट्रोल-सी दाबेपर्यंत विचारतच राहतं. तेव्हाच मला कळलं, मी विंडोज आणि आई लिनक्स. दिवे लागले की तिचं सुरू व्हायचं, 'देवू आयलो? देवू आयलो?' मी चारदा 'येतलो गो' म्हणायची आणि पेज गरम करायला उठायची. तिला थांबवायची कळ मला कधी सापडली नाही.

तू पोर्तुगीज पासपोर्टावर निघालास तेव्हा, तुझं जाणं सुखाचं होईल ना म्हणून, तिने देवळात कौल लावला होता. देवीने डावा दिला, म्हणजे नकार. हिने परत पाकळ्या लावायला सांगितल्या, उजवी पडेपर्यंत. पुजारी कंटाळला, देवीही कंटाळली असेल. तू मात्र तोवर बॅग भरली होतीस.

फोन केला की तू मीटिंगमध्ये. म्हणून परवा ती रस्ता दाखवणारी आज्ञा चालवून पाहिली. माझ्याकडे ट्रेसर्ट, तुझ्याकडे ट्रेसरूट; नाव वेगळं, काम एकच. वाटेतले सगळे टप्पे ओळीने उत्तर देत गेले, तुझ्या दाराशी पोचल्यावर उत्तराच्या जागी नुसत्या चांदण्या, * * *. चांदण्या म्हणजे यंत्र बंद असं नव्हे, कधी कधी ते उत्तर न द्यायचं ठरवून बसलेलं असतं, असं तूच सांगितलं होतंस. शिकवतोस छान.

आईने आता विचारणं सोडलंय. पेजही गिळत नाही. डिचोलीचे डॉक्टर येऊन गेले, म्हणाले मुलाला बोलवा. तसं तुला कळवलं, तर तू विचारलंस, खोलीत कॅमेरा लावायचा का? हे मेलने धाडलं की मी राउटरची वायर काढणार आहे. माझी मेल तू रविवारी वाचतोस, पिंग रोज करतोस. उत्तर आलं नाही की तू मला नाही, केबलवाल्या शंभूला फोन करशील. त्याला म्हटलं, बिघाड विचारला तर सांग, 'आवय उरची ना, बेगीन यो.' आई वाचायची नाही, लवकर ये, एवढंच. तो म्हणाला, 'बाय, हें म्हज्या तोंडांतल्यान येवचें ना.' माझ्याही तोंडून येईना, म्हणून लिहिलं; तो फक्त 'तायची मेल वाच' एवढंच सांगेल. तू येशील असं वाटत नाही.

तुझीच,
विनूताय