कॅलेंडरवरची वर्तुळं

आई, तुला जाऊन अकरा वर्षं झाली आणि माझा राग अजून उतरलेला नाही. लोकांना वाटतं तो दादावर असेल. तुझा जीव त्यानेच घेतला, पिनरच्या आपल्या किचनमध्ये, भर दुपारी, तेव्हा त्यांना तसं वाटणारच. पण राग तुझ्यावर आहे. वीस वर्षं तू मानसिक रुग्णांच्या वॉर्डात नर्स होतीस. दुसऱ्यांची मुलं गोळी जिभेखाली लपवतात, ते तुला लांबून कळायचं. आणि घरी तुझा स्वतःचा मुलगा, आतली माणसं आपल्याबद्दल बोलतात म्हणून टीव्हीचं तोंड भिंतीकडे करून ठेवायचा, तेव्हा तू पाहुण्यांना हसून सांगायचीस, "वायरिंगचा प्रॉब्लेम आहे हो." लाज कशाची वाटत होती तुला? आजाराची, की तो तुला ओळखता येत होता याची?

पुण्याची मावशी दर दिवाळीत मराठी कॅलेंडर पाठवायची. तिकडे दूधवाल्याचे खाडे मांडतात, तसे तू त्यावर दादाचे वाईट दिवस मांडायचीस, तारखेभोवती पेन्सिलीचं बारीक वर्तुळ. एखाद्या महिन्यात दोन, एखाद्यात अकरा. जीपीकडे, आपल्या फॅमिली डॉक्टरकडे, मात्र कधी एक शब्द नाही.

त्याचा परिणाम कोर्टात दिसला. खटला खुनाचा होता. इथल्या ब्रिटिश कायद्यात मनाच्या आजारामुळे माणसाची समज किंवा स्वतःवरचा ताबा बराचसा गेला होता, आणि त्यातूनच ते कृत्य घडलं, असं ठरलं तर तो खून धरत नाहीत, मॅनस्लॉटर, म्हणजे सदोष मनुष्यवध धरतात. माणसाची जबाबदारी कमी होते. पण ते बचावाने सिद्ध करायचं असतं, आणि आपल्याकडे कागद म्हणून काही नव्हतं. सरकारी वकील ज्युरीला सांगतायत, हा माणूस आदल्या आठवड्यापर्यंत स्लाऊच्या वेअरहाऊसमध्ये कामाला जात होता, आजार अटकेनंतर सुचलेला आहे. दादा काचेमागे बसून स्वतःची बोटं मोजतोय. तू जपून ठेवलेली तीन वर्षांची कॅलेंडरं मी आमच्या सॉलिसिटरला दिली होती. तीच शेवटी उपयोगी पडली. सरकारी वकिलांनी मला विचारलं, "तुमच्या आई नर्स होत्या. त्यांना हे माहीत होतं?" मी हो म्हटलं. "आणि तुम्हाला?" "नाही. ती गेल्यावर मला ही वर्तुळं दिसली."

दादा खुनातून सुटला. कोर्टाने त्याला सिक्युअर हॉस्पिटलमध्ये, कुलूपबंद मनोरुग्णालयात पाठवलं. आता गोळ्या नीट घेतो, जाड झालाय. मागच्या रविवारी भेटायला गेले तेव्हा म्हणाला, "आई अजून रागावलीय का गं माझ्यावर?" मी नाही म्हटलं आणि गाडीत येऊन स्टिअरिंगवर हात आपटले. इतकी साधी गोळी होती, आई. तुझ्या ट्रॉलीवर रोज असायची.

त्याची जबाबदारी कमी झाली. जी कमी झाली ती कुणाच्या वाट्याला गेली, हे कोर्ट विचारत नाही, म्हणून मी ती सगळी तुझ्या नावावर टाकून मोकळी झाले. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि दादाला दाखवायची माझी हिंमत नाही.

त्या कॅलेंडरांमध्ये एक वर्तुळ हिरव्या पेनाचं आहे. तू ड्यूटीवर होतीस, दादा सकाळपासून बाथरूमला कडी लावून बसला होता, आणि दुसऱ्या दिवशी एजवेअरची माणसं मला बघायला येणार होती. मी तुला वॉर्डवर फोन केला. तू म्हणालीस, "तुझं लग्न होऊन जाऊ दे, मग बघू. एकदा रेकॉर्डवर आलं की पुसता येत नाही." मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि हातातल्या पेनाने त्या तारखेभोवती वर्तुळ काढलं. ते पान ज्युरीच्या बाराही जणांच्या हातून फिरलं. रंग वेगळा का, हे कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.